मुक्त सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये कंपनीची बंदिस्त डीएलएल घालता येते का?

मलप्रभाकाठ

नमस्कार. खानापूर तालुक्यातील काही दूध संकलन केंद्रांसाठी मी एक प्रणाली लिहीत आहे. काट्यावरून वजन आणि तपासणी यंत्रावरून फॅट व एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) थेट संगणकात यावेत, दरपत्रकाप्रमाणे रक्कम लागावी आणि सभासदाला मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला हवी त्या भाषेत, पावती मिळावी, एवढेच तिचे काम आहे. प्रणाली सी प्लस प्लसमध्ये असून तिचा परवाना जीपीएल (प्रणाली वाटताना तिचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, द्यावा लागतो असा मुक्त परवाना) आवृत्ती 2 किंवा त्यानंतरची कोणतीही, असा आहे. पावती छापण्याचा भाग मी दुसऱ्या एका जीपीएल प्रकल्पातून घेतला असल्यामुळे हा परवाना ओघाने आलाच. पण उद्या केंद्राच्या सचिवाला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडूनही प्रणालीत बदल करून घेता यावेत, अशी माझीही मनापासून इच्छा आहे.

प्रश्न इन्स्टॉलरचा आहे. प्रणाली चालण्यासाठी काट्याच्या कंपनीची एक डीएलएल (दुसऱ्या प्रणालीने उचलून वापरायची तयार कोडाची फाइल), दूध तपासणी यंत्राच्या कंपनीची दुसरी डीएलएल, मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल सी प्लस प्लस रनटाइम (त्या कंपायलरने बांधलेल्या प्रणालीला चालताना लागणाऱ्या फाइली) आणि पावतीसाठी मंगल व तुंगा हे फॉन्ट लागतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला नेटचा भरवसा नसतो, पावसाळ्यात तर नाहीच. त्यामुळे सगळे एकाच सेटअप फाइलमध्ये बांधून पेन ड्राइव्हवरून देणे सोयीचे आहे. माझा स्रोत मी खुला ठेवतोच आहे. मग इतरांच्या या बंदिस्त फाइली सोबत दिल्याने परवान्याचा भंग होतो का? वितरण सुरू करण्यापूर्वी हे पक्के समजून घ्यायचे आहे.

शहापूरकर

माझ्या मते बिनदिक्कत घाला. या फाइली कंपन्या फुकटच देतात. शिवाय जीपीएलमध्येच असे म्हटले आहे की एकाच माध्यमावर दोन स्वतंत्र कृती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे दुसरीला जीपीएल लागू होत नाही. सेटअप फाइल हेही एक माध्यमच आहे.

टिळकवाडी_कायदा

शहापूरकर यांनी सांगितलेले कलम खरे आहे, पण ते येथे कितपत लागू पडते याविषयी मला शंका आहे. त्याआधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. या प्रश्नात दोन परवानग्या लागतात आणि चर्चेत नेहमी एकीचाच विचार होतो. पहिली परवानगी त्या बंदिस्त फाइलीच्या मालकाची: ती फाइल दुसऱ्यांना वाटण्याचा हक्क त्याने तुम्हाला दिला आहे का? दुसरी परवानगी जीपीएलखाली आपला कोड देणाऱ्याची: त्याचा कोड अशा फाइलीला जोडून वाटण्याची मुभा त्याने दिली आहे का? कंपनीने आनंदाने होकार दिला तरी दुसरी परवानगी त्यातून मिळत नाही. आणि फाइल संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते म्हणून पहिलीही मिळालेली नसते.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणाली ही साहित्यकृतीच्या व्याख्येत येते. त्यामुळे प्रती काढून वाटण्याचा हक्क मुळात मालकाचा असतो आणि तुम्हाला तो परवान्यानेच मिळतो. परवान्यात जे लिहिलेले नाही ते दिलेले नाही, असे समजून चालणे बरे.

आता एकत्र ठेवण्याच्या कलमाविषयी. जीपीएल आवृत्ती 2 मधील ते वाक्य जीपीएल प्रणालीवर आधारलेल्या नसलेल्या, केवळ एकाच माध्यमावर शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कृतीविषयी आहे. एका सीडीवर एक शब्दकोश आणि एक बुद्धिबळाचा खेळ असला तर ते तेथे चपखल बसते. पण मलप्रभाकाठ यांची प्रणाली ती डीएलएल आपल्याच प्रक्रियेत उचलते, तिची फंक्शने बोलावते आणि डीएलएलशिवाय प्रणालीला फॅटचा आकडा कळत नाही. या दोहोंना परस्परांपासून स्वतंत्र म्हणणे मला तरी अवघड वाटते.

शहापूरकर

ताई, मग विंडोजवर चालणारी प्रत्येक जीपीएल प्रणाली बेकायदाच ठरेल, कारण ती विंडोजच्या बंदिस्त डीएलएलना जोडलेली असतेच.

माळमारुती_प्राध्यापिका

तसे होत नाही, आणि याचे उत्तर परवान्याच्या मजकुरातच आहे. मी महाविद्यालयात हा विषय शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जीपीएल आवृत्ती 2 जून 1991 ची आहे. तिच्या तिसऱ्या कलमात स्रोत देण्याची अट घातल्यावर एक सवलत ठेवली आहे: ज्या कार्यप्रणालीवर प्रणाली चालते तिच्या कर्नल, कंपायलर अशा मुख्य घटकांबरोबर जे सामान्यतः येते, त्याचा स्रोत तुम्ही देण्याची गरज नाही. विंडोजच्या डीएलएल या सवलतीत येतात. पण त्याच वाक्याला एक शेपूट आहे आणि आपला सगळा प्रश्न त्या शेपटात आहे. तो घटक स्वतःच तुमच्या प्रणालीसोबत दिला जात असेल तर ही सवलत मिळत नाही.

म्हणजे तीच रनटाइम वापरकर्त्याच्या संगणकावर आधीपासून असली आणि तुमची प्रणाली तिला जोडली गेली, तर काही बिघडत नाही. मात्र तुम्ही ती आपल्या सेटअपमध्ये घालून दिली की सवलत संपते आणि तिचा स्रोत देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. तो स्रोत तुमच्याकडे नसल्यामुळे ती जबाबदारी पार पाडणे तुम्हाला शक्यच नसते. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रश्नोत्तरांत व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइमविषयी नेमके हेच म्हटले आहे: जोडा, प्रणाली वाटा, पण त्या डीएलएल सोबत देऊ नका. ही सवलत पळवाट म्हणून वापरली जाऊ नये, असे कारणही त्यांनी दिले आहे. 29 जून 2007 रोजी आलेल्या आवृत्ती 3 मध्ये सवलतीची व्याख्या अधिक तपशिलाने केली आहे, परंतु रनटाइमविषयीचे फाउंडेशनचे मत तेथेही बदललेले नाही.

काटा आणि तपासणी यंत्र यांच्या डीएलएल तर कार्यप्रणालीचा भागच नाहीत. त्यांच्यासाठी या सवलतीचा विचारही करता येत नाही.

शहापूरकर

फाउंडेशनचे मत हे मत आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. रनटाइमचा मायक्रोसॉफ्टचा स्वतंत्र इन्स्टॉलर आपल्या सेटअपमधून चालवणारे जीपीएल प्रकल्प कितीतरी आहेत आणि त्यांच्या लेखकांनी ते समजून-उमजूनच केलेले असते.

माळमारुती_प्राध्यापिका

मत आहे हे मान्य, आणि रनटाइमचा मूळ इन्स्टॉलर न उघडता शेजारी ठेवणे व सुट्या डीएलएल प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकणे यांत फरक करणारे जाणकारही आहेत. पण आपण म्हणता ते प्रकल्प बहुधा आपल्या स्वतःच्या कोडाविषयी असा निर्णय घेतात. ज्याचा सगळा कोड स्वतःचा आहे तो स्वतःच्या परवान्याचा भंग कसा करील? मलप्रभाकाठ यांच्या प्रणालीत छपाईचा भाग दुसऱ्याचा आहे. त्या लेखकाच्या वतीने ढिलाई देण्याचा अधिकार येथे कोणालाच नाही.

चंदगड_सीमा

आमच्या बाजूच्या काही केंद्रांनाही ही प्रणाली हवी आहे. आम्ही महाराष्ट्रात, म्हणून कायदा वेगळा लागेल का?

टिळकवाडी_कायदा

नाही. कॉपीराइटचा कायदा केंद्राचा आहे. चंदगड, निपाणी आणि खानापूर तिन्हीकडे तोच लागतो.

उद्यमबाग

मी काटे व मापन यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे परवान्यांविषयी नव्हे, वायरीविषयी लिहितो. काट्याची डीएलएल मुळात कशाला हवी?

आपल्याकडच्या संकलन केंद्रांत जे इलेक्ट्रॉनिक काटे असतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे आरएस-232 चे नऊ पिनांचे पोर्ट असते. युएसबीचा कन्व्हर्टर लावा, कोणतीही साधी टर्मिनल प्रणाली उघडा, वेग 9600, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असे ठेवून पाहा. काट्यावर कॅन ठेवला की पडद्यावर ओळी पडू लागतील: आधी एखादे चिन्ह, मग अधिक किंवा उणे, मग आकडे, आणि शेवटी ओळ संपल्याची खूण. वजन हलत असताना सुरुवातीचे चिन्ह एक असते आणि स्थिर झाले की बदलते. एवढे ओळखता आले की दहा-पंधरा ओळींच्या कोडात काटा वाचता येतो. काही काट्यांत वेग 2400 किंवा 4800 असतो. अक्षरे चित्रविचित्र दिसली तर वेग बदलून पाहावा. कंपनीची डीएलएल बहुधा हेच काम आत करीत असते.

दूध तपासणी यंत्राचे मात्र तसे नाही. काही यंत्रे साधा मजकूर पाठवतात, पण काहींचे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. संगणकाने विचारल्याशिवाय ती उत्तर देत नाहीत आणि चूक पकडण्यासाठी तपासणी बेरजेचे (चेकसम) बाइटही असतात. ते मॉडेल पाहूनच सांगता येईल.

मलप्रभाकाठ

उद्यमबाग दादा, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काटा जोडून पाहिला आणि ओळी व्यवस्थित दिसतात, त्यामुळे काट्याची डीएलएल मी काढूनच टाकतो. तपासणी यंत्र मात्र साधा मजकूर पाठवत नाही. त्या डीएलएलसोबतच्या करारात 'यंत्राच्या खरेदीदाराने आपल्या संगणकावर वापरण्यासाठी' एवढेच लिहिले आहे आणि पुनर्वितरणाचा उल्लेखच नाही. यंत्र वायरीवर काय बोलते ते नोंदवून मीच ते उलगडले तर चालेल का?

टिळकवाडी_कायदा

या बाबतीत आपला कायदा तुमच्या बाजूने आहे. 1999 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये अशी तरतूद आली की संगणक प्रणाली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याने, स्वतंत्रपणे तयार केलेल्या दुसऱ्या प्रणालीशी ती जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याकरिता केलेली कृती हा भंग ठरत नाही. अट एवढीच की ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. म्हणून आधी कंपनीकडे संवादाच्या पद्धतीची माहिती लेखी मागा. मिळाली तर प्रश्नच मिटला, आणि नाही मिळाली तर मागितल्याचा पुरावा तुमच्याकडे राहील. मात्र डीएलएलच्या करारात उलट अभियांत्रिकीला मनाई असल्यास, डीएलएल उघडण्यापेक्षा वायरीवरचे बोलणे ऐकणे हा अधिक निर्धोक मार्ग आहे.

निपाणी_छापखाना

फॉन्टांकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. आमचा तर रोजचा व्यवहारच तो आहे.

मंगल आणि तुंगा हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट आहेत. विंडोजबरोबर ते वापरण्याचा परवाना मिळतो, ते उचलून दुसऱ्याच्या संगणकावर टाकण्याचा नव्हे. सेटअपमध्ये त्यांच्या फाइली घालणे म्हणजे सरळ प्रत वाटणे होय. आणखी एक अडचण अशी की विंडोज 10 पासून हे दोन्ही ऐच्छिक पूरक फॉन्टांत गेले आहेत. नव्या संगणकावर निर्मला असतो, मंगल असेलच असे नाही. म्हणून केवळ नाव लिहून ठेवले तरी पावती भलत्याच वळणाची येण्याचा संभव आहे.

यावर चांगला उपाय तयार आहे. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड, किंवा लोहित देवनागरी आणि लोहित कन्नड घ्यावेत. हे ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. हा परवाना फॉन्ट कोणत्याही सॉफ्टवेअरसोबत बांधून देऊ देतो, मग ते सॉफ्टवेअर विकत असो वा फुकट. फॉन्ट एकटाच विकायचा नाही, परवान्याची व हक्काची नोंद सोबत ठेवायची, आणि फॉन्टात बदल केल्यास राखून ठेवलेले नाव वापरायचे नाही, हे मुख्यतः पाळावे लागते. पावतीवर 'श्रीमंत', 'दुग्धोत्पादक', 'ऱ्हास', 'कै.' आणि कन्नडमधील ओत्तक्षरे (अक्षराखाली येणारी जोडाक्षरे) छापून पाहा. थर्मल प्रिंटरच्या अरुंद कागदावर 'ऱ्ह'मधला अर्धा र फार बारीक असला की तो उमटतच नाही, आणि सभासदाचे नाव चुकले की तो पावती घेत नाही. त्याचे बरोबरच असते.

माळमारुती_प्राध्यापिका

फॉन्टांचा विषय निघाला म्हणून एक जुने उदाहरण देते, कारण ते मूळ प्रश्नाला अगदी लागू आहे. मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये वेबसाठीचे काही मूलभूत फॉन्ट मोफत उपलब्ध केले होते. त्यांचा परवाना पुनर्वितरण करू देत असे, पण केवळ मूळ स्वरूपात, म्हणजे कंपनीच्याच न बदललेल्या फाइलीत. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीने त्यावर असा मार्ग काढला की पॅकेजमध्ये फॉन्ट ठेवायचेच नाहीत. पॅकेज बसवताना ते मूळ फाइली स्वतः उतरवून घेते, वापरकर्त्याला परवाना दाखवते आणि त्याच्याच संगणकावर त्या उलगडते. असे पॅकेज मुख्य विभागात न ठेवता, बंदिस्त फाइलींवर अवलंबून असणाऱ्यांच्या 'कॉन्ट्रिब' विभागात ठेवले जाते.

सिस्को कंपनीची एच 264 या चित्रफीत-पद्धतीची लायब्ररी हे याहून बोलके उदाहरण. तिचा स्रोत बीएसडी या सैल परवान्याखाली खुला आहे, पण पेटंटचे शुल्क सिस्को भरते ते केवळ सिस्कोने बांधलेल्या आणि सिस्कोकडूनच उतरवलेल्या प्रतीसाठी. म्हणून 2014 पासून फायरफॉक्स ती आपल्या इन्स्टॉलरमध्ये घालत नाही, ती सिस्कोकडून नंतर उतरवून घेतो. फाइल तीच, बाइटन्‌बाइट तीच, पण ती कोणाच्या हातून आली यावर परवाना अवलंबून राहतो.

वडगाव_चित्रफीत

थोडे विषयाला धरूनच विचारतो. मी कीर्तने आणि शाळांचे कार्यक्रम चित्रित करतो आणि ओळखीच्यांना एफएफएमपेग या चित्रफिती रूपांतरित करणाऱ्या मुक्त प्रणालीची एक बांधलेली प्रत देतो. ध्वनी चांगला यावा म्हणून ती फ्राउनहोफर संस्थेच्या एएसी (ध्वनी साठवण्याची एक पद्धत) लायब्ररीसह बांधलेली आहे. यातही काही अडचण आहे का?

माळमारुती_प्राध्यापिका

आहे. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल, म्हणजे जीपीएलच्या सौम्य रूपाखाली आहे. जीपीएलचे भाग घेतले की सगळी बांधणी जीपीएल होते. आणि त्यात ती एएसी लायब्ररी मिसळायची तर 'एनेबल-नॉनफ्री' हा पर्याय द्यावा लागतो. तो दिलेली प्रत वितरित करता येत नाही, असे एफएफएमपेग स्वतःच बजावते. स्वतःच्या संगणकावर बांधून आपण ती खुशाल वापरा, इतरांना देऊ नका. इतरांसाठी एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर आहे, त्याने बांधलेली वेगळी प्रत द्या.

वडगाव_चित्रफीत

समजले. आजच ती प्रत वाटणे थांबवतो.

शहापूरकर

चर्चा चांगली चालली आहे, तरी व्यवहाराचा प्रश्न उरतोच. कणकुंबीच्या एका केंद्रावरची सेटअप फाइल तपासायला कोण येणार आहे? मलप्रभाकाठ यांना यातून पैसा मिळत नाही, शेतकऱ्याचे भले होते आहे. एवढ्या बारकाईने कामच थांबेल.

टिळकवाडी_कायदा

शहापूरकर, आपला हेतू मी जाणते, पण जोखीम कोणाच्या अंगावर येते ते पाहा. कलम 63 ब हे भंग करणारी प्रत जाणीवपूर्वक संगणकावर वापरणाऱ्याविषयी आहे. त्यात किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद वगळू शकते आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. दूध संस्था दररोज पैशांचा व्यवहार करते, तिचे लेखापरीक्षण होते. वाटणारा एकीकडे राहील आणि उत्तर द्यायला सचिव उभा राहील, हे मला पटत नाही.

दुसरे, मुक्त परवाने न्यायालयात टिकत नाहीत अशी समजूत असेल तर ती खरी नाही. म्युनिकच्या न्यायालयाने 2004 मध्येच जीपीएलच्या अटी मोडणाऱ्या कंपनीला मनाई केली होती. अमेरिकेत 2008 मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात, खेळण्यातल्या रेल्वेच्या एका मुक्त प्रणालीवरून, अपील न्यायालयाने म्हटले की अशा परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, तरी विचाराची दिशा त्यांतून कळते.

उद्यमबाग

शहापूरकरांना माझेही एक सांगणे आहे. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात एका पुरवठादाराने मुक्त प्रणाली आणि एका यंत्राचा बंदिस्त ड्रायव्हर एकत्र बांधून दिला होता. पुढे यंत्राच्या कंपनीने ड्रायव्हरची नवी आवृत्ती काढली आणि जुनीत दोष असल्याचे कळवले, पण सेटअप जुनीच आवृत्ती पुन्हा पुन्हा वर टाकत राहिला. तक्रार केल्यावर कंपनीने सांगितले की ही फाइल आम्ही तुम्हाला दिलेलीच नाही, आणि पुरवठादाराला तर तिच्या आत काय आहे हे ठाऊकच नव्हते. काम त्या दिवशी थांबले होते. परवाना पाळल्याने काम थांबते असे मला वाटत नाही.

शहापूरकर

उद्यमबागांचा हा मुद्दा मला मान्य आहे. मग नेट नसलेल्या गावात करायचे काय, ते कोणी सांगावे.

माळमारुती_प्राध्यापिका

रनटाइमचे आधी सांगते. मिंगडब्ल्यू-डब्ल्यू64 या मुक्त कंपायलरसंचाने प्रणाली बांधली तर व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम लागतच नाही. त्यातल्या जीसीसी कंपायलरच्या लायब्रऱ्यांना त्यांची स्वतःची सूट आहे, आणि युनिव्हर्सल सी रनटाइम विंडोज 10 मध्ये अंगभूतच आहे. फक्त यंत्राच्या डीएलएलचा इंटरफेस साध्या सी पद्धतीचा आहे ना, ते पाहा. तो सी प्लस प्लसच्या क्लासांचा असेल तर दुसऱ्या कंपायलरशी जुळणार नाही.

तपासणी यंत्रासाठी, कंपनी माहिती देईपर्यंत, एक छोटी स्वतंत्र मदतनीस प्रणाली लिहा. ती पूर्णपणे तुमच्या हाताची असावी, दुसऱ्याच्या जीपीएल कोडाची एक ओळही तिच्यात नको, आणि परवाना एमआयटीसारखा सैल ठेवा. डीएलएल उचलण्याचे काम फक्त तिने करावे आणि मुख्य प्रणालीने तिला पाइपवरून किंवा लोकल सॉकेटवरून एका ओळीत विचारावे; उत्तरही एका ओळीत यावे: नमुना क्रमांक, फॅट, एसएनएफ. पाइप, सॉकेट आणि कमांड लाइन ही सामान्यतः दोन स्वतंत्र प्रणालींमधील संवादाची साधने आहेत, असे फाउंडेशनही मानते. मात्र त्यांतून अंतर्गत रचनेची गुंतागुंतीची माहिती इकडून तिकडे जाऊ लागली तर दोन्ही मिळून एकच प्रणाली समजली जाऊ शकते. एका ओळीत तीन आकडे हे त्या भयापासून पुष्कळ दूर आहे. डीएलएल 32 बिट आणि तुमची प्रणाली 64 बिट असेल तर हा वेगळेपणा तुम्हाला तसाही करावाच लागेल.

मलप्रभाकाठ

डीएलएल 32 बिटच आहे आणि इंटरफेस साधा सी पद्धतीचा आहे. मदतनीस प्रणाली वेगळी करतो. पण त्याने जीपीएलची बाजू सुटली तरी कंपनीची परवानगी उरतेच ना? डीएलएल सेटअपमध्ये मी अजूनही घालू शकत नाही.

उद्यमबाग

घालायची गरजच काय? ज्या केंद्राने यंत्र घेतले त्याला त्यासोबत कंपनीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळालेला असतोच. सचिवाच्या कपाटात यंत्राच्या बिलाला लावून ठेवलेला सापडेल. तो केंद्राचा स्वतःचा परवाना आहे. इन्नो सेटअप या इन्स्टॉलर बनवण्याच्या साधनात फाइलीला 'एक्स्टर्नल' असा ध्वज देता येतो. मग ती फाइल सेटअपमध्ये बांधली जात नाही, बसवताना सांगितलेल्या जागेवरून उचलली जाते. सेटअपने विचारावे, 'यंत्राचा पेन ड्राइव्ह लावा', फोल्डर निवडून घ्यावे आणि फाइल योग्य आवृत्तीची आहे हे एसएचए-256 या फाइलीच्या ठशाने ताडून पाहावे. नेट लागत नाही.

चंदगड_सीमा

आमच्या केंद्रांत तशा सीडी आहेत; पण नव्या संगणकांना सीडी ड्राइव्हच नसतो. एका संगणकावर एकदा उघडून केंद्राच्याच पेन ड्राइव्हवर घेता येईल.

टिळकवाडी_कायदा

केंद्राने स्वतःच्या वापरासाठी तसे घेण्यास हरकत दिसत नाही. शेजारच्या केंद्राने मात्र आपलीच सीडी वापरावी.

सेटअपच्या पडद्याविषयीही एक सूचना करते, कारण तेथे पुष्कळ प्रकल्प घसरतात. सुरुवातीला एकच लांबलचक करार दाखवून 'मला मान्य आहे' हे बटण सगळ्यालाच लावतात आणि त्या करारात प्रत काढू नये, उलट अभियांत्रिकी करू नये असे कंपनीचे शब्द असतात. ते शब्द मग जीपीएलच्या भागालाही लागतात, आणि आवृत्ती 2 चे सहावे कलम सांगते की घेणाऱ्याच्या हक्कांवर आणखी निर्बंध घालता येत नाहीत. प्रणाली नुसती चालवण्यासाठी जीपीएल स्वीकारण्याची सक्तीही नाही. म्हणून जीपीएलचा मजकूर माहितीच्या पानावर दाखवा आणि फॉन्टांचा परवाना वेगळ्या फाइलीत ठेवा. पेन ड्राइव्हवरच स्रोताचे फोल्डरही देऊन टाका. तसे केले की मागेल त्याला स्रोत देण्याच्या तीन वर्षांच्या लेखी हमीचा पर्याय सांभाळत बसावे लागत नाही, आणि नेट नसलेल्या गावात स्रोत हातात देण्याचा तोच खरा मार्ग आहे.

शहापूरकर

आणि समजा कंपनीने पत्र पाठवून परवानगी दिलीच की मलप्रभाकाठ यांनी डीएलएल वाटावी, तर मग सगळे एका फाइलीत बांधता येईल ना? मदतनीस प्रणाली वेगळी आहेच.

टिळकवाडी_कायदा

येईल, पण पत्राचे शब्द नीट घ्यावे लागतील. कंपनी सहसा एका व्यक्तीला परवानगी देते. मलप्रभाकाठ यांनी सेटअप जांबोटीच्या सचिवाला दिला तो त्या परवानगीने. जांबोटीच्या सचिवाने तोच पेन ड्राइव्ह चंदगडच्या सचिवाला दिला तर त्याच्याकडे कंपनीची कोणतीच परवानगी नाही. जीपीएलचा भाग पुढे देण्याचा मात्र त्याला पूर्ण हक्क आहे, आणि सेटअप एकच असल्यामुळे तो हक्क त्याला वापरता येणार नाही. म्हणून पत्रात असे मागा की ही फाइल न बदलता, या मदतनीस प्रणालीसोबत, ज्याच्या हाती ती पडेल त्या प्रत्येकाला पुढे देता यावी. कंपनी एवढे देण्यास तयार नसेल तर डीएलएल बाहेरच ठेवा आणि उद्यमबाग यांची पेन ड्राइव्हची पद्धत कायम करा.

मलप्रभाकाठ

ठरले. काट्याची डीएलएल गेली, रनटाइम मिंगडब्ल्यूने टळते, पावतीसाठी नोटोचे दोन फॉन्ट त्यांच्या परवान्यासह घालतो आणि यंत्राची डीएलएल सेटअपच्या बाहेर राहील. कंपनीला पत्र लिहिताना संवादाच्या पद्धतीची माहिती हीच पहिली मागणी ठेवतो, पुनर्वितरणाची दुसरी. दुसऱ्या मागणीत 'ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकाला' हे शब्द घातले आहेत. निपाणीच्या दादांनी सांगितलेले शब्द नोटोत छापून पाहिले. 'दुग्धोत्पादक' स्वच्छ येतो, 'ऱ्हास' मात्र लहान आकारात अजून भरल्यासारखा दिसतो.

निपाणी_छापखाना

आकार एका पायरीने वाढवा आणि नियमितऐवजी मध्यम जाडी घेऊन पाहा. तेवढ्यानेही भागले नाही तर पावतीचा नमुना मला पाठवा, येथे थर्मल प्रिंटरवर काढून बघतो.